भयकथा वाचाव्या कीं वाचूं नयेत?

एकच पुस्तक सर्व वाचकांना सारखेंच आवडेल असा नियम नाहीं. तथापि एखाद्या चरित्राविषयीं किंवा प्रवासवर्णनाविषयीं मतभेद झाला तर तो बहुधा 'आवडलें' आणि 'आवडलें नाहीं' एवढ्यावरच थांबतो. भयकथेची गोष्ट निराळी आहे. तिचा एक वाचक रात्रीचे बारा वाजले तरी दिवा मालवीत नाहीं. दुसरा दहाव्या पानावर पुस्तक मिटून तें कपाटांत अगदीं पाठीमागें ठेवून देतो. आणि तिसरा तें शेवटपर्यंत वाचतो खरा, पण वाचून झाल्यावर 'हें वाचलें नसतें तर बरें झालें असतें' असें म्हणतो. विशेष हें कीं, पहिल्यास दुसरा भित्रा वाटतो, दुसऱ्यास पहिला निर्दय वाटतो, आणि तिसऱ्यास स्वतःविषयींच शंका येऊं लागते. या तिघांपैकीं कोणाचें बरोबर, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक दिसेल. परंतु ज्या घरांत वाढत्या वयाचीं मुलें आहेत आणि ज्या शाळेंत वाचनालय आहे, तेथें तो नित्याच्या व्यवहारांतला प्रश्न आहे.

मराठींत या जातीचें वाङ्मय आतां चांगलें रुळलें आहे. नारायण धारप (१९२५–२००८) यांनीं आयुष्यभर भयकथा व विज्ञानकथा लिहिल्या; त्यांचीं जुनीं पुस्तकें अलीकडे पुन्हां छापलीं गेलीं आणि नव्या पिढीच्या हातीं आलीं. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची गोष्ट तर मौजेची आहे. ज्यांनीं 'अलबत्त्या गलबत्त्या' हें बालनाट्य लिहून त्यांतील चेटकिणीकडून चिमुकल्या प्रेक्षकांना हंसविलें, त्यांनींच 'खेकडा' सारखे गूढकथासंग्रह लिहून मोठ्या माणसांची झोप उडविली. या लेखकांच्या वाचकांत आज नववी-दहावीचे विद्यार्थी पुष्कळ आहेत. कांहीं पालकांचें म्हणणें असें पडतें कीं, अशीं पुस्तकें शाळेच्या कपाटांत असूंच नयेत. विद्यार्थ्यांचें उत्तरहि ठरलेलें असतें, 'त्यानें कांहीं होत नाहीं.' माझ्या मतें दोन्ही पक्ष घाई करीत आहेत. पुस्तकानें कांहींच होत नसेल, तर तें वाचावें तरी कशाला? आणि वाचून भय वाटतें एवढ्याच कारणासाठीं पुस्तकें वर्ज्य ठरवावयाचीं, तर पुष्कळ थोर वाङ्मयहि त्यांच्याबरोबर कपाटाबाहेर जाईल.

या वादाचें एक प्रसिद्ध उदाहरण आपल्या कोल्हापुरांतच घडलेलें आहे, आणि त्यास आतां शंभराहून अधिक वर्षें झालीं. तें पुस्तकाचें नसून चित्रपटाचें आहे, पण त्यापासून मिळणारा बोध दोहोंस लागू पडतो. बाबूराव पेंटर हे मूळचे चित्रकार व शिल्पकार. नाटकांचे पडदे रंगविण्यांत त्यांचा हात धरणारे थोडेच होते. चित्रपट घेण्याचें यंत्र विकत मिळण्याची वाट न पाहतां त्यांनीं तें येथेंच खटपट करून तयार केलें, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० सालीं 'सैरंध्री' हा आपला पहिला मूकपट लोकांपुढें आणला. ज्या कलावंताचा हात इतका सिद्ध, त्यानें एखादा प्रसंग अर्धामुर्धा दाखविणें शक्यच नव्हतें. भीमानें केलेला कीचकाचा वध पडद्यावर इतका हुबेहूब उतरला कीं, पाहणाऱ्यांच्या तोंडून किंकाळ्या बाहेर पडल्या. चित्रपटांच्या नियंत्रणाचा कायदा १९१८ सालीं झाला होता आणि परीक्षण मंडळें नुकतीच कामास लागत होतीं. त्या प्रसंगावर कात्री चालली. आणि हाच चित्रपट पाहून लोकमान्य टिळकांनीं बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली! चित्रपट एकच, पण कोणी किंकाळी फोडली, कोणी कात्री उचलली, आणि कोणी पाठ थोपटली.

येथें एक गोष्ट विचारांत घेण्यासारखी आहे. कीचकवधाची कथा त्या प्रेक्षकांस मुळींच नवीन नव्हती. विराटपर्वांतील वर्णन तर पडद्यावरील दृश्याहून भयंकर आहे. तेथें भीम कीचकाचे हातपाय व मस्तक त्याच्याच धडांत कोंबून त्याचा नुसता मांसाचा गोळा करून टाकतो. ही कथा पुराणिकांच्या व कीर्तनकारांच्या तोंडून शेंकडो वर्षें चालत आलेली आहे. आजीच्या मांडीवर बसून ती ऐकणारीं मुलें कथा संपण्यापूर्वींच झोंपीं जात. मग कानांनीं सोसलेली घटना डोळ्यांना कां सोसवली नाहीं?

त्याचें कारण असें दिसतें कीं, ऐकणारा माणूस आपलें चित्र आपणच काढीत असतो, आणि तें काढतांना तो आपल्या सोसण्याच्या मर्यादेबाहेर सहसा जात नाहीं. लहान मूल आपल्याला पेलेल एवढाच राक्षस कल्पितें. थोर माणूस आपल्या अनुभवाप्रमाणें त्यास मोठा करतो. पडद्यावरचें चित्र मात्र सर्वांना एकाच मापाचें मिळतें. पुस्तक हें या दोहोंच्या मध्यें आहे. लेखक सुचवून थांबतो तोंवर कुंचला वाचकाच्या हातीं असतो. परंतु लेखक जखमेची लांबीरुंदी सांगूं लागला, कीं तो वाचकाच्या हातून कुंचला काढून घेतो. एकाच पुस्तकाविषयीं वाचकांचीं मतें इतकीं भिन्न कां होतात, याचें अर्धें उत्तर येथें आहे.

उरलेलें अर्धें उत्तर आपल्या प्राचीन साहित्यशास्त्रांत मिळतें. भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत आठ रस सांगितले, आणि त्यांत भयानक व बीभत्स हे दोन निराळे मानले. भयानकाचा स्थायिभाव भय. बीभत्साचा स्थायिभाव जुगुप्सा, म्हणजे किळस. आपण 'भयकथा' हा एकच शब्द वापरतों आणि या दोहोंची गल्लत करतों. ओसाड वाड्याच्या माडीवर रात्रीं पावलें वाजतात, तें भय. त्या माडीवर सांपडलेलें प्रेत किती सडलें होतें याचें पानभर वर्णन येतें, ती किळस. भय वाचकास पुढें ओढतें. आतां काय होईल, या उत्कंठेनें तो पान उलटतो. किळस त्यास मागें लोटते; तो तोंड फिरवितो. ज्याला भय प्रिय आहे पण किळस सोसवत नाहीं, असा वाचक अर्धी कथा आवडीनें वाचतो, अर्ध्यावर पुस्तक दूर सारतो, आणि आपलें मत अनुकूल कीं प्रतिकूल हें त्याचें त्यासच कळेनासें होतें. त्याच्या मतांत विसंगति नाहीं; दोन रस एकाच ताटांत वाढले गेले, इतकेंच.

शिवाय सर्वांचा पिंड सारखा नसतो. भय वाटलें कीं छातीचे ठोके वाढतात, श्वास जलद होतो, हातापायांस घाम सुटतो. हा शरीराचा धर्म आहे. संकट खोटें आहे असें मनाला पक्कें ठाऊक असेल, तर त्याच खळबळीचें एखाद्याच्या ठिकाणीं सुखांत रूपांतर होतें. जत्रेंतल्या उंच पाळण्यांत बसून एक मुलगा आनंदानें ओरडतो आणि त्याच्या शेजारच्यास घेरी येते. म्हणून पहिला शूर व दुसरा नादान ठरत नाहीं. वाचनाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानीं धरली पाहिजे. ज्या मुलाच्या घरांतून महिन्याभरापूर्वींच कोणाची अंत्ययात्रा निघाली आहे, त्याला स्मशानाचें वर्णन हा खेळ वाटत नाहीं. ज्यानें घरांत दारूच्या धुंदींतली मारहाण पाहिली आहे, त्याला कथेंतल्या बंद दारामागचा आवाज कल्पित वाटत नाहीं. 'एवढ्यानें घाबरलास?' असें म्हणून वर्गांत ज्याची टर उडविली जाते, त्यानें घरीं काय पाहिलें आहे हें टर उडविणाऱ्यास बहुधा ठाऊक नसतें. पुस्तक मिटण्याचा अधिकार हा वाचकाचा पहिला अधिकार आहे, आणि तो बजावणाऱ्यानें कोणास कारण सांगण्याची गरज नाहीं.

मग बरी भयकथा कोणती आणि वाईट कोणती, हें ठरवावें कशावरून? केवळ रक्ताच्या प्रमाणावरून तें ठरत नाहीं. रंगभूमीवर प्रत्यक्ष वध दाखवूं नये, अशी घटना दुसऱ्या पात्रांच्या मुखानें कळवावी, असा संस्कृत नाटकाचा संकेत आहे. तरीहि भासाचें म्हणून प्रसिद्ध असलेलें 'ऊरुभंग' नाटक हा संकेत मोडतें. भीमाच्या गदेनें मांड्या चूर झालेला दुर्योधन तेथें प्रेक्षकांसमोर येतो आणि त्यांच्या समोरच प्राण सोडतो. त्याचा लहानगा मुलगा दुर्जय नित्याप्रमाणें बापाच्या मांडीवर बसावयास येतो, आणि बापाला त्यास नको म्हणावें लागतें. मोडलेली मांडी समोर आहे. परंतु प्रेक्षकाची दृष्टि जखमेवर ठरत नाहीं, ती त्या मुलाकडे जाते. ज्या दुर्योधनाचा आपण लहानपणापासून तिरस्कार केला, त्याच्यासाठीं जीव कळवळतो.

माझ्या मतें खरी कसोटी हीच होय. भय ओसरल्यावर करुणा उरते कीं नाहीं? लेखकानें आपणांस मार खाणाऱ्याच्या शेजारीं उभें केलें, कीं मारणाऱ्याच्या? पहिल्या प्रकारची कथा कितीहि भीषण असली तरी ती वाचकाचें मन रुंद करते. दुसऱ्या प्रकारच्या कथेंत दुसऱ्याच्या यातना हीच करमणूक होऊन बसते, आणि तिच्यांत रक्ताचा एकहि थेंब नसला तरी ती हीनच होय.

ख्रिस्ती वाचकांस या संबंधांत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या वधाची आठवण सहज होईल. मेजवानी चालली आहे, एका मुलीच्या नाचावर राजा खूष झाला आहे, आणि भरसभेंत दिलेल्या शब्दापायीं एका सत्पुरुषाचें शिर तबकांत घालून आणलें जातें. याहून भीषण प्रसंग कोणता असेल? परंतु मार्क तो मोजक्या वाक्यांत सांगतो. शस्त्राचें वर्णन करीत नाहीं, रक्ताचें करीत नाहीं. मात्र शिष्य आले, त्यांनीं आपल्या गुरूचें प्रेत उचलून नेलें आणि कबरेंत ठेवलें, हें सांगितल्यावांचून तो प्रसंग संपवीत नाहीं. वाचकाच्या मनांत अखेर त्या तबकापेक्षां ते शिष्यच अधिक काळ राहतात.

धारपांच्या कित्येक कथांत 'समर्थ' नांवाचा पुरुष येतो आणि अमानवी शक्तीच्या तावडींत सांपडलेल्यांना सोडवितो. भय कितीहि गडद असलें तरी अशा कथेंत वाचक त्या सांपडलेल्या माणसांच्या बाजूनेंच श्वास रोखून बसलेला असतो. हा या कथांचा मोठा गुण आहे. सर्वच भयकथांना तो साधतो असें नव्हे. कोठें साधला आणि कोठें साधला नाहीं, हें ओळखावयास शिकणें हेंच या वाचनाचें शिक्षण.

बाबूराव पेंटर यांची पुढील कामगिरीहि या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. 'सैरंध्री' नंतर पांच वर्षांनीं, १९२५ सालीं, त्यांनीं 'सावकारी पाश' हा मूकपट काढला. त्यांत राक्षस नाहीं, कीचक नाहीं. सावकाराच्या कचाट्यांत सांपडून जमीन गमावणारा एक शेतकरी आहे. ती भूमिका तरुण शांतारामांनीं केली होती. हीच कथा बाबूरावांनीं १९३६ सालीं बोलपटाच्या रूपानें पुन्हां सांगितली. त्यांतील अंधुक उजेडांतली ती उदास झोंपडी आणि कुत्र्याचें विव्हळणें चित्रपट-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांस पुढें कित्येक वर्षें विसरतां आलें नाहीं. कीचकाच्या वधानें लोक क्षणभर किंचाळले. त्या झोंपडीचें भय मात्र घरीं येऊन राहिलें, कारण तशा झोंपड्या पंचगंगेच्या कांठींहि होत्या. २०१८ सालच्या 'तुंबाड' या हिंदी चित्रपटामागें धारपांच्या कथेची प्रेरणा होती. तो प्रौढांसाठीं आहे, विद्यार्थ्यांसाठीं नाहीं. पण त्यांतहि भयाचें मूळ माणसाच्या लोभांतच आहे. उत्तम भयकथा वाचकास भुताकडे नेते, आणि तेथून माणसाकडे परत आणते.

पालकांना येथें एक विनंति करावीशी वाटते. कल्पित रक्ताविषयीं आपण जितके दक्ष असतों, तितके खऱ्या रक्ताविषयीं असतों काय? महामार्गावर अपघात होतो. मदतीचा हात पुढें येण्यापूर्वींच मोबाइल पुढें येतात, आणि संध्याकाळपर्यंत तें दृश्य घरोघरीं पोहोंचतें. आपण तें पाहतों, हळहळतों, आणि आणखी दहाजणांस पाठवितों. शेजारीं बसलेलें मूल हें सर्व पाहत असतें. कादंबरींत मेलेला माणूस कधीं जन्मलाच नव्हता. या दृश्यांतल्या माणसाची आई कदाचित् त्या वेळीं त्याच्या जेवणाची वाट पाहत असेल. मुलाच्या हातून भयकथा काढून घेणाऱ्या हातानेंच जर हें दृश्य पुढें पाठविलें, तर दुसऱ्याचें मरण ही पाहावयाची वस्तु आहे, एवढाच धडा त्या मुलाला मिळेल; आणि तो धडा कोणत्याहि भयकथेपेक्षां भयंकर आहे.

चित्रपटांना आज वयाप्रमाणें प्रमाणपत्र मिळतें. २०२४ च्या नियमांप्रमाणें पालकांच्या मार्गदर्शनाखालीं पाहावयाच्या चित्रपटांत सात, तेरा व सोळा वर्षें असे तीन टप्पे केले आहेत. पुस्तकांवर असा शिक्का नसतो. तो नाहीं म्हणूनच शिक्षकांचें व पालकांचें काम वाढतें. शाळेपुरतें माझें मत असें आहे कीं, भयकथा वाचनालयांत असाव्या. मात्र त्या वरच्या वर्गांसाठीं असाव्या, आणि देणाऱ्यानें त्या आधीं स्वतः वाचलेल्या असाव्या. अर्धवट वाचून परत आलेलें पुस्तक मुकाट्यानें परत घ्यावें. पालकांनीं पुस्तकाचें मुखपृष्ठ पाहून निकाल देऊं नये. तेंच पुस्तक एक दिवस आपण वाचावें, आणि मग मुलाला एकच प्रश्न विचारावा, 'यांत तुला कोणाची दया आली?' उत्तर मिळालें तर चिंतेचें कारण नाहीं. 'कोणाचीच नाहीं' असें उत्तर आलें, तर पुस्तकावर रागावण्यापूर्वीं त्या मुलाजवळ थोडा वेळ बसावें.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांसहि दोन शब्द. जें पुस्तक तुम्हांस सोसवलें नाहीं, तें मिटण्यास भिऊं नका. आणि जें तुम्हांस सोसवलें, त्याची फुशारकी मारूं नका. लेखकानें तुम्हांस कोठें भिवविलें आणि कोठें नुसतें किळसविलें, हें पेन्सिलीनें नव्हे तर मनानें खूण करून ठेवा. लिहिण्याची हौस असणाऱ्यास त्यापासून पुष्कळ शिकतां येईल. रात्रीं भयकथा वाचून संपल्यावर दाराची कडी नीट लागली आहे कीं नाहीं हें पाहावयास तुम्ही उठलां, तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. फक्त उठलांच आहां, तर घरांत आणखी कोणी भिऊन जागें आहे काय, तेंहि पाहून या.